१६ वर्षांच्या गडवाटांच्या नोंदी: काय ठेवायचं, काय दुरुस्त करायचं, काय खोडायचं?

खिंडकरी:

नमस्कार मंडळी. २००८ ते २०२४ या काळातल्या सह्याद्रीतल्या भटकंतीच्या नोंदी एका जागी आणायला घेतल्या आहेत. ऐवज असा: ९ वह्या, दोन कॅमेऱ्यांतले आणि चार फोनांतले मिळून ३८ हजारांच्या आसपास फोटो, २०१२ नंतरचे ९० जीपीएक्स ट्रॅक (चाललेल्या वाटेच्या जीपीएस नोंदींच्या फायली), आणि टाइप केलेली १४० वर्णनं. त्यातली सुरुवातीची ३०-३५ वर्णनं जुन्या फॉण्टमध्ये आहेत. आता उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

वाचायला बसल्यावर लक्षात आलं की निम्मी माहिती शिळी आहे. एसटीच्या वेळा गेल्या, जेवणाचे दर गेले, काही ठिकाणी वाटाच बदलल्या. ओळखीतली नवी पोरं या नोंदी मागतात आणि तशाच्या तशा द्यायची भीती वाटते. प्रश्न तीन:

१. शिळी माहिती खोडून नवी लिहावी, की जुनी तशीच ठेवावी?
२. ट्रॅकवरच्या उंच्या पुस्तकातल्या उंच्यांशी जुळत नाहीत. कुठली धरायची?
३. जुन्या फॉण्टमधला मजकूर शोधता येईल असा कसा करावा?

"सगळं क्लाउडवर टाका" एवढंच उत्तर नको, कृपया.

कातळटाकं:

पहिली सूचना, दुरुस्तीला लगेच बसू नका. आधी प्रत्येक वर्णनातली वाक्यं तीन रंगांत रंगवा. काही माहिती दुधासारखी असते, काही कडधान्यासारखी, काही कातळासारखी.

दूध म्हणजे एसटीच्या वेळा, जीपचं भाडं, जेवणाचा दर, फोन नंबर, मुक्कामाची परवानगी. हे वर्षभरात नासतं. त्यातही २०२१-२२ चा एसटीचा लांबलेला संप ही मोठी रेघ आहे. त्याआधीची आडगावच्या गाड्यांची कुठलीही वेळ आज गृहीत धरू नका. पुण्याचं शिवाजीनगर स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, म्हणजे "शिवाजीनगरहून जुन्नर गाडी पकडली" हे वाक्यसुद्धा आज नवख्याला चुकीच्या जागी उभं करेल. दुधाची वाक्यं मूळ वर्णनातून वेगळी काढून खाली एका चौकटीत टाका आणि चौकटीवर महिना-वर्ष लिहा. दरवर्षी तपासायची असेल तर फक्त ही चौकट तपासायची.

कडधान्य म्हणजे वाट किती मळलेली आहे, शिड्या-रेलिंग आहे का, कुंपण कुठे पडलंय, कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी आहे. हे पाच-दहा वर्षं टिकतं, पण तारखेशिवाय त्याला काडीची किंमत नाही. पाण्याच्या नोंदीत सगळ्यात जास्त घोळ असतो. "गडावर बारमाही पाणी" असं लिहिलेलं असतं आणि गडावर जाणं झालेलं असतं डिसेंबरात. डिसेंबरात पाणी होतं याचा अर्थ डिसेंबरापर्यंत पाणी होतं, एवढाच. तुमच्या तारखा पाहा: एखाद्या टाक्याची एप्रिल-मेमधली नोंद किंवा फोटो नसेल तर "बारमाही" हा शब्द काढा आणि "डिसेंबर २०११ मध्ये गुडघाभर" असं लिहा. तीनचार वेगळ्या महिन्यांतल्या नोंदी असतील तर मग तुमच्याकडे असलेली माहिती कुठल्याही पुस्तकात नाही.

कातळ म्हणजे सोंड कुठल्या दिशेला उतरते, खिंड कुठल्या दोन डोंगरांमध्ये आहे, दरवाजाचं तोंड कुठे, कोरीव टाकी किती, कातळकोरीव पायऱ्या कुठून सुरू होतात. हे तुमच्या हयातीत बदलत नाही. इथे चूक सापडली तर ती काळाची नसून तुमची असते, म्हणून ती सरळ दुरुस्त करा.

"डावीकडे" आणि "उजवीकडे" हे शब्द शोधून काढा. चढताना डावं ते उतरताना उजवं, आणि १२ वर्षांनी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही की वाक्य चढतानाचं होतं की उतरतानाचं. प्रत्येक ठिकाणी "चढताना" हा शब्द जोडा किंवा दिशा लिहा. ओहोळाच्या बाबतीत प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डावा-उजवा काठ धरायची पद्धत आहे, तीच पाळा.

वेळेचंही तसंच. "दीड तासात माथा" याला अर्थ नाही, कारण तेव्हा तुम्ही तिघं होता की तेवीस, ते त्यात नाही. नाइस्मिथचा जुना ठोकताळा लावून पाहा: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, वर ६०० मीटर चढाईला १ तास. ४ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर ४८ मिनिटं अधिक १ तास, म्हणजे १ तास ४८ मिनिटं. थांबे यात धरलेले नाहीत. तुमच्या नोंदीतला वेळ याच्या किती पट आहे ते प्रत्येक गडापुढे लिहा. वाट मळलेली असेल तर साधारण सव्वा ते दीडपट येईल. एकदम दुप्पट-अडीचपट आली तर तिथे घसारा, कारवीचं रान किंवा चुकलेली वाट आहे असं समजा, आणि तेच वाचणाऱ्याला हवं असतं.

नकाशावेडा:

उंचीच्या प्रश्नाला उत्तर: गडाच्या माथ्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरची धरा, ट्रॅकवरची नाही. कारणं दोन.

जीपीएस मुळात जी उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साधारण ६०-७० मीटर खाली आहे. हातातल्या जीपीएस यंत्रात ही दुरुस्ती बहुधा आपोआप होते, पण फोनवरची बरीच ॲप कच्चा आकडा नोंदवतात. ओळखायची खूण सोपी आहे: कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरचा तुमचा ट्रॅक उघडा. वाळूत उभं असताना उणे ६० च्या आसपास उंची दिसत असेल तर त्या ॲपचे सगळे ट्रॅक तेवढेच खाली आहेत. मग त्या ॲपच्या सगळ्या फायलींना एकच बेरीज लावली की काम झालं. फोन बदलला तर पुन्हा तपासा, एकाच वर्षातल्या दोन फोनांचं वागणं वेगळं असू शकतं.

दुसरं कारण असं की उभ्या दिशेतली चूक आडव्या दिशेपेक्षा दीड ते तीनपट असते, आणि नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद, तीव्र उताराच्या घळीत) किंवा कड्याच्या पोटात उपग्रह अर्धेच दिसतात, संदेश कातळावर आपटून येतो. तिथे ट्रॅक कोळिष्टकासारखा होतो. त्यामुळे "एकूण चढाई" हा आकडा नेहमी फुगलेला असतो. जेवायला थांबल्यावर ट्रॅक चालू राहिला असेल तर अंतरही फुगतं. थांब्याच्या जागेवरचा तो गुंता खोडा, अचानक कड्याबाहेर उडी मारलेले बिंदू खोडा, मगच अंतर मोजा. मूळ फाईल मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवा.

उपग्रहावरून काढलेल्या उंचीने ट्रॅक सुधारायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. सोंडेवर, पठारावर ती चालते. कळकराय, लिंगाणा, कलावंतीण अशा सुळक्यांवर वापरू नका. त्या माहितीतला एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो, त्यात सुळका बुडून जातो आणि माथा बराच ठेंगणा निघतो.

आता अक्षांश-रेखांश. जुन्या वह्यांमधला हा सगळ्यात महाग घोटाळा. हातातल्या यंत्रावर "१८ अंश १४.८ मिनिटं" असं दिसतं आणि वहीत "१८.१४८" असं उतरवलं जातं. खरा दशांश १८.२४६७ असतो, कारण मिनिटांना ६० ने भागायचं असतं. फरक सुमारे ११ किलोमीटर! तुमच्या यादीत ज्या बिंदूंचे दशांशाचे पहिले दोन आकडे कधीच ६० च्या पुढे जात नाहीत, ती अख्खी वही मिनिटांत लिहिलेली आहे असं धरा.

दशांशानंतर किती आकडे लिहावेत? चार आकडे म्हणजे ११ मीटरच्या आत, पाच म्हणजे १ मीटरच्या आसपास. गडाच्या दरवाजाला चार पुरेत. कॉपी-पेस्ट करून आलेले आठ-आठ आकडे पाहून कुणी भारावून जाऊ नये, फोनला तेवढं कळत नाही.

एक शेवटचं. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशावरून) हाताने मोजून घेतलेले बिंदू असतील तर ते आजच्या नकाशावर आपल्याकडे शंभर-दीडशे मीटर सरकलेले दिसतील. जुन्या शीटचा पाया एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या नावाच्या लंबगोलावर आहे, जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या लंबगोलावर. त्या बिंदूंपुढे "टोपोशीटवरून" असं लिहिलंत की पुढच्याला कळेल. घाटवाटेच्या तोंडाशी दीडशे मीटर म्हणजे शेजारची नाळ.

पाऊणअक्षर:

फॉण्टचं सांगतो. घाईने रूपांतर करू नका, क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी मूळ फॉण्ट मिळवून संगणकावर बसवा, फाईल उघडा, मजकूर वाचता आला की लगेच पीडीएफ करा आणि फॉण्ट आत बंदिस्त झालाय याची खात्री करा. ही तुमची साक्षीदार प्रत. फॉण्टचं नाव आठवत नसेल तर मजकूर निवडून फॉण्टच्या खिडकीत पाहा. फॉण्ट बसवलेला नसला तरी नाव तिथे राहतं. शिवाजी, किरण, श्रीलिपी यांची अक्षरमांडणी वेगवेगळी आहे, त्यामुळे एकाचा रूपांतरक दुसऱ्याला चालत नाही. श्रीलिपीच्या तर घरातच अनेक मांडण्या आहेत.

मग युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंचात, रूपांतर. चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉण्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणून रूपांतरानंतर किल्ला, दुर्ग, मार्ग, शिखर, त्र्यंबक, वर्षा एवढे शब्द शोधून पाहा. हे नीट आले असतील तर बाकी बहुतेक नीट आहे. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही असलेले शब्द मात्र डोळ्यांनीच तपासावे लागतात.

आता खास मराठी दुखणं, जे रूपांतर झाल्यावरही राहतं. "पायऱ्या", "दऱ्या", "कऱ्हाड", "गिर्यारोहण" हे शब्द शोधून पाहा. पहिल्या तीन शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एक प्रकार म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक टाइप केला की दुसरा सापडत नाही. तुमच्या १४० वर्णनांत "पायऱ्या" हा शब्द शंभरदा तरी असणार, त्यातले निम्मे गायब. तेच "ॲ" चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि जुन्या कीबोर्डांवर नंतरही, अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवलं जायचं. दिसायला तेच, शोधायला वेगळं. उपाय एकच: सगळ्या फायलींत एकदाच शोधा-बदला चालवून दोन्ही अक्षरं एका रूपात आणा.

फाईलींची नावं ठेवताना आकडे इंग्रजीच ठेवा आणि क्रम वर्ष-महिना-दिवस असा. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या एक तारखा एकत्र येतात आणि भटकंतीचा क्रम कुठेच दिसत नाही.

खिंडकरी:

फारच उपयोगी. किनाऱ्यावरचा ट्रॅक पाहिला, उणे ५८ आहे! आणि एका वहीत दशांशाचे पहिले दोन आकडे खरंच ५९ च्या पुढे जात नाहीत.

आणखी दोन अडचणी. फोटो आणि ट्रॅक जुळवताना फोटो भलत्याच जागी पडतायत, काही तर आदल्या दिवसावर. शिवाय यादी लावताना "भैरवगड" या नावाच्या फोल्डरमध्ये तीन वेगळे गड निघाले.

ढगाळहवा:

फोटो आदल्या दिवसावर पडत नाहीयेत, ट्रॅक आदल्या दिवसावर आहे. जीपीएक्स फाईलमधली वेळ ग्रिनिचची असते, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ५ ला निघालात तर ट्रॅकची सुरुवात आदल्या रात्री ११:३० ला दिसणार. जुळवणाऱ्या प्रोग्रामला कॅमेऱ्याची वेळ "अधिक ५:३०" आहे असं सांगायचं, फायली बदलायच्या नाहीत. ट्रॅकच्या फायलींची नावं ॲपने आपोआप ठेवली असतील तर तीसुद्धा एका दिवसाने मागे असू शकतात, पाहून घ्या.

यानंतरही सगळे फोटो सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर ते कॅमेऱ्याचं घड्याळ. फोन नेटवर्कवरून वेळ घेतो, कॅमेरा घेत नाही. महिन्याला काही सेकंद ते मिनिटभर तो सरकतो, आणि बॅटरी बराच काळ काढून ठेवली की थेट पहिल्या दिवसावर जातो. तपासायला असा फोटो शोधा ज्याची खरी वेळ दुसरीकडून कळते: एसटीचं तिकीट, स्टेशनवरचं घड्याळ, किंवा त्याच क्षणी फोनवर काढलेला तोच फोटो. फरक मिनिटांत काढा आणि एक्झिफटूलने (फोटोच्या आतली माहिती बदलणारा प्रोग्राम) त्या सहलीतल्या त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकाच आज्ञेत पुढे-मागे करा. आधी पाच फोटोंच्या प्रतीवर करून पाहा. उलट चिन्ह दिलं गेलं की चूक दुप्पट होते, आणि दुसऱ्यांदा चालवताना पहिली दुरुस्ती झाली होती की नाही हे कुणालाच आठवत नाही. फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाईल ठेवून "कॅमेरा क्रमांक २, अधिक ७ मिनिटं, दुरुस्त केलं" असं लिहून ठेवा.

पुढच्यासाठी: निघताना प्रत्येक कॅमेऱ्याने फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो काढायचा, सेकंद दिसतील असा. एवढ्याने सगळं गणित सुटतं.

व्हॉट्सॲपवरून आलेले मित्रांचे फोटो वेगळे काढा. त्यात आतली तारीख आणि जागा दोन्ही पुसलेली असतात, आणि फाईलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसून पाठवल्या-आल्याची असते. ट्रेकनंतर आठवड्याने फोटो पाठवणारा एकतरी मित्र प्रत्येक गटात असतोच. यापुढे मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा.

दुसरा सापळा म्हणजे कॅमेऱ्याचा चार आकडी मोजणीक्रम. ९९९९ नंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ३८ हजार फोटोंत एकाच नावाचे तीनतीन फोटो असणार. सगळे एका फोल्डरात ओतताना "बदलायचं का" ला होय म्हटलंत तर पहिला गेला. आधी नावापुढे तारीख-वेळ जोडा, मग एकत्र करा.

नावांचं उत्तर: गडाचं नाव एकटं कधीच लिहू नका, जोडीला पायथ्याचं गाव लिहा. मोरोशीचा भैरवगड, शिरपुंज्याचा भैरवगड, कोथळ्याचा भैरवगड, हेळवाककडचा भैरवगड. माणिकगड रायगड जिल्ह्यात आहे तसा चंद्रपुरातही आहे. उलट एकाच गडाची दोन नावंही असतात: तोरणा म्हणजे प्रचंडगड, बसगड म्हणजे भास्करगड, हडसर म्हणजे पर्वतगड, कोथळीगड म्हणजे पेठ. एक नाव मुख्य धरा, बाकीची पहिल्या ओळीत लिहून ठेवा म्हणजे शोधताना सापडतील. जिल्हा मात्र नावात घालू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तुमच्या त्याआधीच्या नोंदींत अशेरी, कोहोज, काळदुर्ग, तांदुळवाडी सगळे ठाण्यात असतील. अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद यांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव सहसा टिकतं.

माचीवरचा:

कातळटाकं यांचं वर्गीकरण मान्य, पण "दूध" नासलं म्हणून ओतून द्या असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून लिहितो. जुनं काहीही खोडू नका.

इर्शाळगडाचं उदाहरण घ्या. २०२३ च्या जुलैआधीच्या कुठल्याही नोंदीत इर्शाळवाडी असणारच: वाडीत पाणी भरलं, वाडीतून सुळक्याच्या दिशेने वर गेलो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ती वाडी गाडली गेली. वाटेची माहिती म्हणून त्या ओळी आज निरुपयोगी आहेत. पण कुठल्या घरापुढे ओटा होता, विहीर कुठे होती, आंब्याचं झाड कुठे होतं, हे ज्या थोड्या वह्यांत उरलंय त्यांपैकी एक तुमची असू शकते. ते खोडायचा हक्क आपल्याला नाही असं माझं मत आहे. वर ठळक ओळ टाका: "ही वाट व वस्ती आता नाही, जुलै २०२३ ची दरड पाहा", आणि खाली मूळ मजकूर जसाच्या तसा.

दरांचंही तेच. २००९ मध्ये राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात जेवण किती रुपयांना मिळालं, हा आज दर नसून इतिहास आहे. फक्त तारीख हवी.

कारवी घ्या. ती साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते. १६ वर्षांच्या फोटोंत एखाद्या डोंगराचे दोन बहर येतात. "या सोंडेवर २००८ आणि २०१६ मध्ये फुललेली, मधल्या वर्षांत नाही" हे सांगायला तारखेचा फोटो लागतो, आणि सगळ्या डोंगरांवर वर्ष एकच नसतं, म्हणूनच जागेसकट नोंद मोलाची.

काढायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गावकऱ्यांचे फोन नंबर काढा. दहा वर्षांपूर्वीचा नंबर आज भलत्याच माणसाकडे असतो, आणि तोच माणूस असला तरी त्याने तो तुम्हाला दिला होता, जगाला नाही. गिधाडांची घरटी, दुर्मिळ कंदीलपुष्पांच्या जागा, गुहेतल्या सुट्या मूर्ती यांचे बिंदू दुसऱ्याला देण्याच्या प्रतीतून काढा किंवा दशांशानंतर एकच आकडा ठेवा, म्हणजे ११ किलोमीटरचा घेर होतो. फोटोच्या आतही जागा नोंदलेली असते, ती पुसायला विसरू नका. नुसता मजकुरातला आकडा काढून उपयोग नाही.

इतिहासाचे परिच्छेद निर्दयपणे तपासा. बहुतेकांच्या जुन्या वर्णनांतला इतिहास कुठून तरी उचललेला असतो आणि तो ज्याने लिहिला त्यानेही उचललेला असतो. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरपर्यंत मागे जा: रत्नागिरी १८८०, ठाणे १८८२, कुलाबा आणि नाशिक १८८३, अहमदनगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. त्यातही चुका आहेत, पण निदान चूक कुठे सुरू झाली ते कळतं. ज्या वाक्याचा माग लागत नाही त्यापुढे "स्थानिक सांगतात" असं लिहा, तेही खरंच कुणी सांगितलं असेल तरच.

आणखी एक. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्याकडचे ११, आणि तमिळनाडूतली जिंजी. या गडांवरची मुक्काम, चूल, तंबू यांबद्दलची जुनी वाक्यं नव्या पोरांच्या हातात जशीच्या तशी देऊ नका. "राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपलो" हे वाचून दहाजण सामान घेऊन निघतात.

कातळटाकं:

खोडू नका हे पटलं. पण मग दोन प्रती करा. मूळ प्रत, जिला हात लावायचा नाही. आणि वाटण्याची प्रत, जिच्यात वर फक्त आज उपयोगी पडेल तेवढंच. १४० वर्णनांच्या माथ्यावर १४० इशारे लावले तर कुणी एकही वाचणार नाही. वाटण्याची प्रत एका गडाला एका पानाची असावी: गाव, चढताना दिशा, वेळ, पाण्याची शेवटची खात्रीची तारीख, धोक्याची जागा. धोक्याची जागा नेमकी लिहा. "जपून जा" नको, "दुसऱ्या टाक्यानंतर १५ फुटांचा कातळटप्पा, पावसात शेवाळ, उतरताना दोर" असं हवं. आणि सगळ्या १४० चं एकदम करू नका. ज्या गडांवर पोरं जातातच असे २० घ्या.

दमटकोकण:

वह्यांकडे कुणीच वळलं नाही, म्हणून थोडं.

शाईपेन आणि जेलपेनाची शाई पाण्याने पसरते. बॉलपेन आणि पेन्सिल टिकते. त्यामुळे स्कॅनिंग शाईच्या वह्यांपासून सुरू करा, जुन्या-नव्याचा क्रम विसरा. मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० बिंदू) पुरे, रंगीत ठेवा, कारण काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई आणि डाग यांतला फरक जातो. हाताने काढलेले नकाशे ६०० ला. निगेटिव्ह असतील तर २४०० ला: ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीचा सुमारे ३४०० बाय २२७० बिंदूंचा फोटो होतो, म्हणजे साडेसात मेगापिक्सेलच्या वर. बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाणी किंवा ओलं फडकं लावू नका. बुरशीने जिलेटिन मऊ केलेलं असतं, पुसलं की चित्रच निघून येतं. कोरड्या मऊ ब्रशने जेवढं जाईल तेवढंच.

वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतली ओल आतच कोंडते. पुठ्ठ्याचा डबा, आत सिलिकाची पुडी, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरात पुडी बदलायची. वापरलेली निळी पुडी गुलाबी झाली म्हणजे भरली; कढईत मंद तापवून पुन्हा निळी होते, पण जेवणाची कढई वापरू नका.

जुन्या सीडी-डीव्हीडी असतील तर आजच उतरवा. आधी कुठली? स्वस्तातल्या, कागदी चिकटपट्टी लावलेल्या, वरून पेनाने लिहिलेल्या. प्रत निघताना मध्येच अडली तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने निघते. धूळ पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही.

प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे भावाकडे, बहिणीकडे किंवा नेटवरच्या भाड्याच्या जागेत. दोन डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर त्या दोन प्रती नव्हेत, एकच समजा. पाणी शिरलं की दोन्ही भिजतात. बाहेरची डिस्क वर्षातून दोनदा तरी लावा, एक पावसाळ्याआधी आणि एक नंतर. लावल्यावर नुसती फोल्डरची नावं पाहून बंद करू नका. दहा जुने फोटो आणि दोन ट्रॅक उघडून पाहा. फाईल दिसते पण उघडत नाही, हे फोल्डरच्या यादीवरून कळत नाही.

खिंडकरी, तुमच्या ९ वह्यांतल्या शाईने लिहिलेल्या वह्यांना किती पानं आहेत? २०० च्या आत असतील तर फोनचा कॅमेरा, दोन बाजूंनी दिवे आणि वरून दाबायला एक स्वच्छ काच एवढ्यात दोन संध्याकाळींत होतील. स्कॅनरवर वहीचा कणा मोडतो.